दिल्ली ते वेलिंग्टन, सोळा तास

"गाडी थांबत नसती," असं म्हणत ते मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर बोट आपटायचे. जिंतूरच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते, गाड्या वेळेवर सोडणारे. लेकरू काखेत मारून धावत येणारी बाई तुम्हाआम्हाला दिसायची, तशी त्यांनाही दिसायची. तरी ते शिट्टी मारायचेच.

निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीनं त्यांना नवं काम दिलं. अंत्यविधीला आमच्याकडे माती म्हणतात. कुणाची माती किती वाजता करायची, कुणासाठी थांबायचं, हे तेच ठरवू लागले. हैदराबादहून निघालेल्या एका लेकीनं पिंगळी मागे पडल्यावर, जिंतूर तासा-दीड तासावर असताना फोन केला, "बापाचं तोंड तर बघू द्या." हे म्हणाले, "अजून लय येळ हाय तिला. उरका." ती पोचली तेव्हा माणसं अंघोळी करून पांगली होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा वेलिंग्टनला, न्यूझीलंडच्या राजधानीत. लय लांब का, असं कुणी विचारलं की ते मोबाइल पुढे धरायचे. दिल्ली ते वेलिंग्टन साडेबारा हजार किलोमीटर, विमानानं सोळा तास. "यष्टीनं मुंबईला जा, न्हाईतर माझ्या पोराकडं जा, फार फरक न्हाई!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की हसू आवरणं कठीण व्हायचं.

ऐन मे महिन्यात, एका सकाळी त्यांची बायको वारली. मुलगा फोनवर म्हणाला, निघतो. यांनी काचेवर बोट आपटून जाहीर केलं, "उद्या दुपारी पोचतो. थांबायचं."

गल्ली थांबली. उन्हाळ्यात बर्फ तरी कुठून आणणार? येलदरी धरणावरच्या मासळीवाल्यांकडून लाद्या आल्या. बाई माळकरी, जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. तिला त्या वासाच्या बर्फावर झोपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, तो सिंगापूरहून.

"तितं काय करायलास तू?" हे ओरडले.

"आबा, थेट विमान नसतं. मोबाइलवर दिसतं ते नुसतं अंतरावरून काढलेलं. इथून पुढचं विमान रात्री आहे. दिल्लीहून पुढं यायलाही दिवस जाईल."

बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. माश्या हाकलून बाया थकल्या होत्या. शेजारचा एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरगं येकदा जरी आलं असतं, तर बापाला ठाऊक असतं किती येळ लागतो ते." कुणीतरी हसलं. वेलिंग्टनला गेल्यापासून तो खरंच एकदाही आला नव्हता. मला त्या शेजाऱ्याचा संताप आला, पण त्याला खोटं पाडता येईना.

"उद्यापर्यंत थांबा की," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी आर्जव ऐकलं. तोवर माणसांनी तिरडी उचलायला घेतली होती. अग्नी मुलाऐवजी त्यांनीच दिला. ओलं लुगडं पेट घेईना, म्हणून डिझेल ओतावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात तेही गेले. मुलाला आम्ही माती झाल्यावर कळवलं. तसं त्यांनीच मला बजावून ठेवलं होतं: "आधी कळवू नगा. कळवलं, तर मला वाट बघत पडावं लागंल."