टँकर गेला तरी वाजणारं यंत्र

नासिरभाईंचं दुकान माझ्या मेसला लागून. लातुरात क्लासेस वाढले, तशी माझी पोळ्यांची परात वाढली आन् त्यांच्याकडं पोरांच्या बिघडलेल्या मोबाईलचा ढीग. माणूस गुणी, पण लई घुमा. त्यांची बायको बेगमबी माहेरी गेलेली, ती त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. मांडीवरची लेक मनतशा तेवढी वाचली. तिला एकट्यानं वाढवून डॉक्टर केलं. आता ती नांदेडला, आन् बापाला फोन करायला वेळ न्हाई. जमीन जराशी हलली, की मात्र लगेच: "अब्बा, बरं हाय ना?"

मग त्यांनी भूकंपाचं यंत्र केलं. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर चिप आन् सिमकार्ड. धक्का बसला, की भोंगा वाजायचा आन् मनतशाला मेसेज जायचा. म्हटलं, असू दे हौस. पण पुढं ते रोजच बोंबलायला लागलं, आन् रोज तिचा फोन! "काय न्हाई बेटा, टँकर गेला," नासिरभाई सांगायचे.

एक दिवस तिनं मलाच फोन केला. "मावशी, पेशंट टाकून बाहेर पळते मी. ते यंत्र बिघडलंय. अब्बांना बघायला सांगा ना."

मी तडक गेले. "दाखवा बरं, काय बिघडलंय ते."

त्यांनी बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. तांब्याचे दोन बारीक ठिपके, अगदी शेजारी शेजारी. सुटे ठेवले, तर जमीन हलल्यावरच वाजणार. सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा थेंब टाकून जोडले, तर रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला तरी वाजणार. थेंब होता की, चांगला चकचकीत!

"हा कुणी टाकला?"

"मीच." ते खाली बघत म्हणाले, "टँकर रोज येतो ना, महानंदाताई."

असा राग आला मला! आन् लगेच कीवही आली. तरी ओरडलेच, "लेकीचा जीव टांगणीला लावता व्हय? काढा आधी!" त्यांनी सोल्डरगन तापवली आन् थेंब उचलला. त्यानंतर टँकर येत राहिले. यंत्र गप्प, फोनही गप्प.

मग एका सकाळी पोरं नाश्ता करत असताना खरंच हललं. ताटं खडखडली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. यंत्र बोंबलत सुटलेलं. पोरांना गावाकडून फोनावर फोन. नासिरभाई मात्र हातात फोन धरून नुसतेच उभे. तो लई उशिरानं वाजला.

मनतशा एवढ्या मोठ्यानं बोलली, की मलाही ऐकू आलं. "अब्बा, परत टँकर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात करून मला थांबवलं.

"हाव बेटा, टँकरच व्हता," ते म्हणाले. "तू जा, पेशंट बघ."