दसऱ्याचं श्रीखंड आणि माझा आग्रह

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की टाळणंच अंगवळणी पडलं. आमच्या भावकीत ती अजून सांगतात, पण चुकीची सांगतात. आणि तशी सांगायला त्यांना मीच शिकवलं.

संस्थान जाऊन मध्य भारत हे नवं राज्य आलं होतं. वडील संस्थानात हुद्द्यावर होते, मी नव्या सरकारात कारकून. पगार बेताचा, पण पगडीचा रुबाब वारशात पुरेपूर आलेला. वडील दरवर्षी दसऱ्याला सगळ्या भावकीला जेवायला बोलावत. ते गेल्यावर काकांनी "यंदा कसं?" असं विचारलं, तेव्हा बायकोशी एक शब्द न बोलता मी सांगून टाकलं, "यंदाही आमच्याकडेच." हे जमवायचं कसं, हा प्रश्न मला पडला नाही. असले क्षुद्र प्रश्न मी तिच्यासाठी राखून ठेवत असे.

तिने तो सोडवला. साखर रेशनवर मिळायची, म्हणून श्रावणापासून ती बिनसाखरेचा चहा पीत होती. मला वाटे, तिला तसाच आवडतो. दही घरी लावलं, चक्का घरी बांधला, केशराच्या चार काड्या घातल्या आणि बाकी भार जायफळावर टाकला. मग मला समजावलं: पंचवीस पानं, पानाला दोन डाव श्रीखंड. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. सगळ्यांना बरोबर पुरेल. "फक्त आग्रह करू नका," ती म्हणाली. "एकदा 'घ्या' म्हणायचं आणि पुढच्या पानाकडे सरकायचं."

मी शहाण्यासारखा दोन-दोन डाव वाढत सरकत होतो. तेवढ्यात चुलतभाऊ म्हणाला, "क्यों भिया, आता श्रीखंडावरपण कंट्रोल लागला का?"

पंगत हसली. वडिलांच्या नावाला बट्टा लागण्यापेक्षा श्रीखंड संपलेलं बरं, असा थोर निर्णय घेऊन मी पातेलं उचललं. काकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. आमच्यात याचा अर्थ 'अजून एकदा म्हणा' असा असतो, म्हणून मी त्यांच्या बोटांवरच वाढलं. काका खूश झाले. बोटं चाटली आणि बाकीचं पानात टाकून उठले. बहुतेकांनी टाकलं. पाहुण्याने पानात टाकणं म्हणजे यजमानाच्या ऐपतीचा दाखलाच. उष्ट्या पत्रावळी गल्लीतल्या गाईपुढे गेल्या, आणि त्या दसऱ्याला गाईने केशरी श्रीखंड खाल्लं.

बायकांची पंगत बसली तेव्हा पातेल्यात बोटाने पुसून घेण्यापुरतं उरलं होतं. काकू म्हणाल्या, "सूनबाई, बाहेरून आग्रहाचा आवाज तर खूप येत होता. आम्हाला काय आवाजच वाढणार?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभा होतो. माझ्याकडून जास्त वाढलं गेलं, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "गौतमपुऱ्यासारख्या लहान गावची आहे ती, काकू. पंचवीस पानांचा अंदाज तिला कुठला?"

सगळ्या हसल्या. ती आत गेली, गूळ-तूप घेऊन आली आणि एकेकीच्या पुरीशेजारी वाढत गेली. स्वतः कधी जेवली, मी पाहिलं नाही.

माझं वाक्य फार टिकाऊ निघालं. पुढे भावकीत लग्न असो की मुंज, स्वयंपाकाचं ठरवताना तिला भाजी निवडायला बसवत. "तिला अंदाज नाही हो," असं तिच्यासमोरच म्हणत. पंचवीस माणसांचा हिशेब डावावर बसवणारी ही बाई पुढे घरात दोघांचा भात लावतानाही विचारू लागली, "एवढे तांदूळ पुरतील ना?" मी पेपरमागून "हं" म्हणत असे. हा एक हुद्दा मात्र मी शेवटपर्यंत सांभाळला.

शेवटच्या आजारात ती दवाखान्यात होती. मी रोज लालबाग राजवाड्यावरून पायी जायचो आणि वाटेत एक वाक्य जुळवायचो. खाटेपाशी पोचलो की तोंडातून निघायचं, "औषध घेतलंस?" ती "हो" म्हणायची, आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो. अकरा दिवस मी हेच विचारलं. बाराव्या दिवशी विचारायला ती उरली नव्हती.

वाक्य असं होतं: तुझा अंदाज बरोबर होता, सगळ्यांना पुरलं असतं, श्रीखंड मी संपवलं आणि दोष तुझ्यावर ढकलला, मला क्षमा कर.