पासपोर्ट माझ्याजवळच होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा महागावजवळ. मी मात्र थायलंडात भाड्याच्या खोलीत राहून लॅपटॉपवर इकडच्याच एका कंपनीचं काम करायचो. व्हिसा लांब मुदतीचा. तरी मुक्काम वाढवायचा तर इमिग्रेशन ऑफिसात जावं लागे. अशीच एकदा मुदत संपत आली, आणि धाकट्या बहिणीचं, कविताचं, लग्न ठरलं.

याडीचा, म्हणजे आईचा, फोन आला. "कधी येऊन राह्यला तू?"

"पासपोर्ट तिकडं जमा हाय, याडी. मुदत वाढवाले देल्ला. हाती आल्याबिगर निघता येत नाही."

खोटं. शिक्का त्याच सकाळी बसला होता. पासपोर्ट शर्टाच्या खिशात – बोलताना छातीला टोचत होता. बाहेर जाऊन परत येण्याचा परवानाही त्याच ऑफिसात मिळत होता. मी त्या रांगेत उभाच राहिलो नाही.

काहून? ओढ नव्हती? होती हो – इतकी, की झोपेतही गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, बडबडायचो. वेचणीच्या दिवसांत अंगणात पडलेला कापूस, त्याचा तो कोमट वास... जीव तुटायचा. तांड्यात पाय ठेवला तर परत निघवणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरं नव्हतं. पुढं आलो तेव्हा सहज निघवलं. मला फक्त ते मोकळं जगणं सोडायचं नव्हतं – कुणी विचारणारं नसलेलं.

आमच्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते – रडत, ज्याचं नातं त्याला हाक मारून. माझी पाळी आली तेव्हा मामानं व्हिडिओ कॉल लावून फोन कवितापुढं धरला. तिनं स्क्रीनला गाल लावला. मला नुसता अंधार दिसत होता, आणि त्यातून तिचा आवाज – "भिया, भिया..." मी फोन कापला. नेटवर्क गेलं, असं नंतर सांगितलं.

वर्षभरानं घरी आलो. कविता नवऱ्याला घेऊन भेटायला आली. मी तोंड उघडायच्या आधी तीच त्याला सांगू लागली, "भिया येणारच होता. त्या ऑफिसवाल्याइनंच अडकवलं त्याले." मग माझ्याकडं वळली, "हो ना, भिया?"

मी म्हणालो, "हो."