रशियाच्या पार्टीचा माल

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या वस्तूला घाबरणारा माणूस अख्ख्या सुरतेत नसेल. चोर दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवतात, साधू तिच्याकडे बघत नाहीत. मामांना मात्र ती मालकाकडे पोचेपर्यंत घास गोड लागत नसे. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये ते फोल्डिंग खात्यात होते. तिथे निरनिराळ्या व्यापाऱ्यांचं, म्हणजे मामांच्या भाषेत 'पार्ट्यांचं', कोरं कापड रंगायला येई आणि त्याच्या प्रत्येक ताग्यावर, तिथल्या बोलीत ताक्यावर, ज्याचा त्याचा छाप असे. एका पार्टीचा ताका दुसरीकडे जाऊ नये, हे मामांचं काम. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की मिलच्या फाटकाबाहेरचं जगही त्यांना चुकून भलतीकडे गेलेल्या ताक्यांनी भरलेलं दिसे. कोसाडच्या त्यांच्या वसाहतीत कुणाची शेळी भरकटली की मामा तिला घेऊन दारोदार फिरत. एका लग्नातून निघाल्यावर पायांत दुसऱ्याच्याच चपला असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, तर त्या हातात धरून अनवाणी मांडवात परत गेले. तोवर मांडव उठला होता. त्या चपला पुढे कितीतरी महिने देव्हाऱ्याखाली पडून होत्या, आणि मामी रोज उदबत्ती लावताना देवाआधी मामांचा उद्धार करत. मी हे ऐकून हसायचो आणि हसल्याचं मला लगेच वाईट वाटायचं. वाईट वाटणं हा माझा स्वभावच आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत मी मास्तर आहे. वर्गातला मुलगा नापास झाला तरी ते पाप मी माझ्याच नावावर धरतो.

रशिया नुकताच मोडला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मिलच्या मागे एक तळं होतं. त्याच्या एका कोपऱ्यात मिलचं रंगीत पाणी उतरे आणि उरलेल्या भागात थंडीतले परदेशी पक्षी उतरत. तिथे मामांना एक बदक सापडलं. फोल्डिंग खात्यातून फेकलेल्या धाग्यांचा गुंता त्याच्या पायांत अडकला होता. धागे आपल्याच खात्याचे आहेत हे मामांनी ओळखलं, ते कापले, आणि सुजलेल्या पायाचं ते बदक पोत्यात घालून कंपनीच्या बसने घरी आणलं. निरोप आला म्हणून मी कोसाडला गेलो, तर मामा बोट ओलं करून त्याच्या शेंदरी-बदामी पंखावर चोळत होते. "रंग पक्का आहे," ते म्हणाले. "आपल्याकडचा नाही." मग पायातलं पत्र्याचं कडं दाखवून त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "जवाईबापू, छाप वाचा. हाऊ कोना माल शे?"

कड्यावर एक आकडा होता आणि इंग्रजी अक्षरांत मॉस्को. मी तसं सांगितलं. मामांनी बदक टोपल्याखाली झाकलं. "रशियाची पार्टी तर फुटली ना? भागीदार वेगळे झाले. आता माल कोणाच्या ताब्यात द्यायचा?" मामी चुलीपुढून ओरडल्या, "ते नंतर ठरवा! आते याले भाकर दिऊ का भात?" मला तेही सांगता येईना.

शेवटी मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका गुजराती बेनना घेऊन आलो. हिवाळ्यात पक्षी मोजत त्या तळ्यातळ्यांवर हिंडत. टोपल्याखाली डोकावून त्या म्हणाल्या, "हा चक्रवाक. आणि मामा, आ कोईनो नथी, बधानो छे." कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे, हे मामांना अजिबात पटलं नाही. तेव्हा बेननी समजावलं, की ज्या देशात तो अंडी घालतो, ज्या देशांत वाटेत विसावतो आणि जिथे हिवाळा काढतो, त्या सगळ्यांनी मिळून असे पक्षी आणि त्यांच्या पाणथळ जागा सांभाळायच्या, असे करार देशादेशांत झालेले आहेत. मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे जॉबवर्क! कापड एकाचं, रंग दुसऱ्याचा, फिनिशिंग तिसऱ्याचं. आपल्याकडे असेल तोवर डाग पडला तर जबाबदारी आपली." बेन हसून हो म्हणाल्या. "पण पार्टी फुटल्यावर करार कोण पाळणार?" मामांनी बेनना विचारलं. "ते मलाही नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या प्रामाणिकपणाने मला बरं वाटलं. गोंधळलेला मी एकटाच नव्हतो.

पायाची सूज उतरली तशी बेननी एका लांबच्या, स्वच्छ जलाशयावर त्याला सोडायचं सुचवलं. मामा अडून बसले. तळ्यावर त्याची जोडीदारीण रोज ओरडत फिरत होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती पाहिली होती. "माल जिथे उतरला तिथेच तो शोधला जाणार. भलत्या गोदामात टाकला तर ती कुठे हिंडेल?" बेन म्हणाल्या, "मामा, तिथलं पाणी खराब आहे." दोघांचंही बरोबर होतं. मी दोघांकडे बघून मान डोलावली, आणि माझ्यासारख्या माणसामुळेच जगातले प्रश्न सुटत नाहीत असं वाटून मला रात्रभर झोप लागली नाही.

शेवटी बेननी मामांचं ऐकलं आणि सोडलं ते पलसाण्यालाच. त्याआधी मामांनी तळ्याच्या काठचे धागे आणि चिंध्या पोत्यांत भरल्या, मिलमधले लोक "मामा, रशियाकडून पगार चालू झाला का?" असं विचारत असताना. टोपलं उघडताच चक्रवाक पाण्यावर गेला, पलीकडून हाक आली, आणि दोघं उडाली ती थेट दक्षिणेकडे. मामा काठाने धावत सुटले. "अरे, तिकडे नही रे! रशिया इकडे!" बेननी त्यांना हाताला धरून थांबवलं. अजून थंडी आहे, इतक्यात कोण जातंय, संध्याकाळी परत इथेच येतील, असं त्यांनी सांगितलं, आणि तसंच झालं.

तेव्हापासून मामा रोज सुट्टीत डबा घेऊन तळ्यावर बसू लागले. खात्यातले धागे बाहेर पडण्याआधी स्वतः गोळा करू लागले. शेठने दोनदा झापलं; मामांनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पोतं उचललं.

होळी झाल्यावर एका संध्याकाळी ते कोसाडला न जाता वाटेत उधन्याला आमच्याकडे उतरले. बायकोने चहा ठेवला. तो तसाच निवत राहिला.

"गेली दोघं," मामा म्हणाले. "काल होती. आज तळं मोकळं."

"बरं झालं ना, मामा? सुखरूप गेली."

"बरंच झालं." त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. मग माझ्याकडे वळून, शाळा शिकलेल्या माणसाला हे नक्की ठाऊक असणार अशा खात्रीने त्यांनी विचारलं, "जवाईबापू, निघताना 'येतो' म्हणायची रीत त्यांच्या देशात नसेल, नाही का?"