मान वर करून बोलनारी पोट्टी

माह्या तोंडात दोन बोटं जातात. तिसरं जात नाई. वाशीमच्या डॉक्टरनं परवा घालून पाह्यलं आन् लगेच साबन लावून हात धुतले. तेवढे तं म्या कधी जेवाले बसतानाही धुतले नाई.

माहा पानठेला हाये. किन्हीराजा गावाच्या अलीकडं, आमच्या गावच्या फाट्यावर, बस थांब्याले लागून. मी खर्रा घोटतो. सुपारी, तंबाखू आन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्याचा, फळीवर दाबून घासाचा, पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्याची. चव बराबर जमली का नाई ते पाहाले पयला चिमटा आपल्या गालात. धंदा म्हनून. गिऱ्हाइक नसलं तरी धंदा म्हनूनच.

त्या थांब्यात कोनी उभं राहत नाई. एस्टीची वाट पाहनाऱ्या बाया पदर नाकाले लावून उन्हात उभ्या राह्यतात. आतली भिंत खालपासून छातीलोक लाल-काळी, तिच्यावर माशा. सरकारनं सावली बांधली, आमी तिचं गटार केलं. शिळा तंबाखू, चुना आन् मानसाची थुकी एका गंजात शिजाले ठेवली तं जो वास येईन, तो तिथं उन्हाळाभर राह्यते. मले तो वास कधी येतच नव्हता. आता येते. कसा याले लागला ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात माही पोट्टी पहिलीत जानार होती. शाळेत नवीन मॅडम आल्या होत्या, तिकडं घाटावरून बदली होऊन. त्या घरोघर फिरून सांगत, का पोरं शाळेत याच्या आधी घरीच तयारी करून घ्या. रंग वळखू द्या, आकार वळखू द्या, मोजता येऊ द्या, आन् मुख्य म्हंजे चार मानसात बोलता आलं पाह्यजे.

बायको हळदीच्या कामाले जाये. उन्हाळा म्हंजे आमच्याकडं हळद शिजवाचे, वाळवाचे दिवस. ती पहाटंच निंघे, सांजीले पिवळी होऊन येये. मंग पोट्टी कोनापाशी? माह्यापाशी, ठेल्यावर.

बायको म्हने, "तिले काई शिकवसान का नुसतं बसवसान?"

म्या म्हनलं, "ठेल्यापेक्षा मोठी शाळा कोनती वं? सरपंचापासून कंडक्टरलोक सारे तिथंच येतात."

"तुमी कोनत्या शाळेत गेलते?"

"जातो ना. मत द्याले."

पन म्या मनावर घेतलं. चुन्याची डबी गोल, माचीस चौकोन, पन्नीची घडी तिकोन. सुपारी मोजाले दिली. पोट्टी हुशार. थोड्याच दिवसांत ती भिंतीवरच्या पिचकाऱ्या मोजाले लागली. मोजता मोजता वळखूही लागली. "बाबा, हे मोठ्या काकाची, लंबी हाये. हे डायवरची, शितोडेवाली. हे तुई, खाली गळते." मी गिऱ्हाइकाइले बोलावू बोलावू दाखवो. लोकं हासत, तिले गोळी देत. तवा माही छाती फुगे.

आन् बोलनं? ते म्या शिकवलंच. म्हनलं, "शाळेत लाजाचं नाई. मोठ्या मानसावानी बोलजो."

तिनं मोठे मानसं पाह्यले होते ते ठेल्यावरचे.

ज्याईनं खर्रा पाह्यला नाई त्याइले सांगतो. गालात तोबरा असला आन् कोनी काई विचारलं, तं मानूस सरळ बोलू शकत नाई. बोलला तं रस सदऱ्यावर येते. मंग तो हनुवटी आभाळाकडं करते, खालचा ओठ फावड्यावानी पुढं काढते, आन् घशातून बोलते. "ऑंय?" म्हंजे काय. "ऊंहूं" म्हंजे नाई. आमच्या इकडं यात कोनाले काई वाटत नाई. जेवढा मानूस मोठा तेवढी मान वर.

एप्रिलात शाळेत मेळावा झाला. पहिलीत येनारे पोट्टे पाहाले. फुगे बांधलेले, टेबलं मांडलेले, पोट्ट्याइच्या डोक्शावर कागदाचे टोप. अर्धं गाव आलतं, ठेला बंद म्हनून माहे गिऱ्हाइकही तिथंच. रंगाच्या टेबलावर माही पोट्टी सगळ्याइच्या पुढं. मोजनीच्या टेबलावर तं मॅडमच म्हनल्या, "अरे वा, कुणी शिकवलं?" म्या इकडंतिकडं पाह्यलं, सगळ्याइनं ऐकलं का नाई ते.

मंग शेवटचं टेबल. मॅडम म्हनल्या, "बाळा, तुझं नाव सांग बरं. आणि बाबा काय करतात?"

पोट्टीनं फराक सारका केला. एक पाय पुढं टाकला. मान वर केली, पार पंख्याकडं. खालचा ओठ पुढं काढला आन् म्हनली, "ऑंऊं... ऑंआ आऑं ओऑंऑं."

सारा मेळावा हासला. मांगून एक जन वरडला, "अबे, बापावर गेली रे!" दुसरा म्हने, "भौ, पुडी तिच्याच हातची दे आता." म्या काय केलं? टाळ्या वाजवल्या.

मॅडम नाई हासल्या. त्या खाली बसल्या, पोट्टीचा जबडा धरला, मोबाइलचा लाइट लावून आत पाह्यलं. "जीभ वर कर बाळा. अशी." मंग हेडमास्तरकडं वळल्या, "सर, तुम्ही ऐकलंत ना? कधीपासून बोलते ही अशी?"

हेडमास्तर माहे सकाळचे पयले गिऱ्हाइक. त्याइनं मान वर केली, "ऑंय?" म्हनले, आन् उठून निंबामांगं गेले.

मॅडम माह्याकडं आल्या. म्हनल्या, "हिची जीभ खाली चिकटलेली असेल. वाशीमला दाखवा. शाळा सुरू व्हायच्या आत दाखवा, कारण मुलं चिडवतात हो. चिडवलं की मूल बोलणंच बंद करतं. मी असं एक पाहिलंय, चौथीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं त्यानं."

म्या सांगाले गेलो, का मॅडम, जीभ चांगली हाये, खोट दुसरीकडं हाये. पन माह्याही गालात तोबरा होताच. मान आपोआप वर गेली.

मॅडमनं एकदा पोट्टीकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. हळूच म्हनल्या, "अच्छा. म्हणजे घराण्यातच आहे का?"

बायको बाजूलेच उभी होती, हळदीचे हात घेऊन. म्हनली, "हो बाई. सासऱ्यापासून हाये."

घरी आल्यावर तिनं भाकर ताटात टाकली ती अशी का मांजरीपुढं टाकली.

मले वाटलं, दोन दिवसांत जाईन ते. नाई गेलं. घरात पोट्टी चांगली बोले, पोपटावानी. पन कोनी परका आला, का मान वर. तिच्या मनात ते पक्कं बसलं होतं, का लोकाइत असंच बोलाचं राह्यते. आन् गावातले पोट्टे ते काय सोडतात? नळावर गेली तं एक म्हने, "आली रे खर्रेवाली!" बाकीचे मान वर करून "ऑं ऑं" करत तिच्या मांगं घरलोक आले. मी दारातून पाह्यत होतो. दोघातिघाइले वरडलो. म्हंजे वरडाले गेलो. तोंड भरलेलं. "ऑंऊं ऑं!" पोट्टे तं इतके हासले का खाली बसले.

त्या दिवसापासून तिनं घरातही बोलनं बंद केलं. भूक लागली तं ताटाकडं पाहे. तहान लागली तं गडव्याकडं. मॅडमचा शब्द माह्या कानात घुमाले लागला, चौथीलोक तोंड उघडलं नव्हतं.

मॅडमनं मेळाव्यात एक कार्ड दिलतं. म्या शेजारच्या कॉलेजवाल्या पोरीकून वाचून घेतलं. पालकानं लेकरापुढं बसाचं, तोंड पुरं उघडाचं, आ म्हनाचं, ओ म्हनाचं, लेकराले तसंच कराले लावाचं. म्या म्हनलं हे तं सोपं हाये. आरसा घेतला, दारात उजेडाले बसलो, पोट्टीले पुढं घेतलं. चूळ भरून आलतो.

"आ कर."

तिनं दोन बोटंच तोंड उघडलं.

"अवं मोठं कर. आऽऽ."

ती कितीतरी दिवसांनी बोलली. म्हने, "तू कुठी करून राह्यला मोठा?"

म्या आरशात पाह्यलं. जोर लावला. गालाच्या आत दोऱ्या वळल्यावानी झाल्या, तोंड तेवढंच. दात पाह्यले. सायकलच्या जंगलेल्या साकळीवानी. मधात पांढरी, सुरकुतलेली चामडी, आन् कडंनं काय ते चिकटलेलं. रोज आरसा पाहो, पन मिश्या पाहाले. आत कधी पाह्यलंच नव्हतं. पोट्टीले वाटलं मी नाटक करतो. तिनं आपल्या दोन्ही हाताचे बोटं माह्या तोंडात घातले आन् उघडाले लागली. "उघड नं बाबा. उघड."

मंग हात काढले. बोटं नाकाले लावले. तिचं तोंड असं झालं का गटारातलं मेलेलं काई हाताले लागलं. बोटं फराकले पुसले, मंग भिंतीले पुसले, आन् मोरीकडं पळत गेली. राख घेऊन हात घासून राह्यली, घासून राह्यली. मी आरसा धरून तसाच बसलो.

आमच्यात एक होतं. सांजीले जेवाले बसलो का पयला घास मी तिच्या तोंडात देत जाओ, मंग आपन जेवो. त्या सांजीले घास पुढं केला तं तिनं तोंड मिटलं. घट्ट. बायकोकडं पाह्यलं. बायकोनं माह्या हातातला घास घेतला, बाजूले ठेवला, आन् आपल्या हातानं दुसरा दिला. तो म्या केलेला घास ताटाच्या कडंले तसाच पडून होता. मले तो खाववला नाई. माह्याच हातचा, आन् मलेच शिसारी आली. त्याच सांजीपासून मले थांब्याचा वास याले लागला.

दुसऱ्या दिवशी बायको पोट्टीले आपल्यासंग हळदीवर घेऊन गेली. म्या म्हनलं, "उन्हात कायले नेतं?"

"तुमच्या सावलीपेक्षा ऊन बरं," ती म्हने.

आता हे तिनं ठरवून केलं का कसं, मले माईत नाई. पन हळद शिजवाची भट्टी लागली का हळद घासाच्या ढोलाचा, वाफेचा, इंजनाचा असा आवाज राह्यते का जवळचं ऐकू येत नाई. वाळवन पसरलेलं दूरलोक. एक बाई या टोकाले, एक त्या. तिथं कोनाले पानी पाह्यजे असन तं बोंब मारा लागते. आन् मान वर करून बोंब मारता येत नाई, राजेहो. करून पाहा. आवाज घशातच राह्यते.

बायाइनं पोट्टीले निरोप न्याच्या कामाले लावलं. पयल्या दिवशी ती जाऊन कानात सांगे. बाया म्हनत, "ऐकू नाई आलं वं माय, तिथूनच वरड." दोनचार दिवस तशीच पळली, मंग चालून चालून पाय दुखले असतीन. एक दिवस तिथूनच वरडली, "मावशे, गडवा आऽऽन!" बायको म्हने, साऱ्या बाया काम सोडून पाहात राह्यल्या. सांजीले घरी आली तं आवाज बसलेला, अंग पिवळं, आन् तोंड सुरू. नळावर एका पोट्ट्यानं "ऑं ऑं" केलं तं ही त्याच्यावर अशी वरडली का त्याची बालटी सुटली.

मी ठेला बंद केला असं सांगतलं तं तुमाले बरं वाटन. नाई केला. पोट त्याच्यावरच भरते. दुसऱ्याइच्या गालात ते देतो आन् पैसे घेतो. फक्त मी खाईन नाई म्हनलं, निदान शाळा लागेलोक. आन् ते बरंच पाळलं. लपून खाल्लं ते सोडलं तं.

जूनच्या शेवटी शाळा लागली. गेटाले तोरन, भिंत नवीन रंगवलेली, पांढरी फक. पोट्टीच्या दोन वेन्या, नवा ड्रेस. तिचा हात माह्या हातात नव्हता, बायकोच्या हातात होता. मी मांगं. डोक्शात एकच, का आता पोट्टी उभी राहीन, समोर सारे तेच पोट्टे, आन् मान वर गेली तं? वाटंतच हात खिशात गेला. पुडी कवा सुटली, गालात कवा गेली, मले समजलं नाई.

मॅडम गेटावरच होत्या. खाली वाकल्या. "काय गं, नाव काय तुझं?"

पोट्टीनं नाव सांगतलं. हळदीवरच्या आवाजात. मॅडम दोन पावलं मांगं सरल्या, आन् कवठावरचे कावळे उडाले. मॅडम इतक्या खुश झाल्या का तशाच माह्याकडं वळल्या. "अहो, किती छान! डॉक्टरांनी काय केलं हिला?"

माही मान वर गेली.

आजूबाजूले सारे पोट्टे, त्याइचे मायबाप. कोनीतरी हासाले लागलं. पोट्टीनं एकदा माह्याकडं पाह्यलं, मोरीकडं पळाच्या आधी तोंड झालं होतं तसंच तोंड करून. मंग मॅडमचा पदर ओढला.

"त्याले नोको इचारू मॅडम. त्याच्या तोंडात घान हाये. मी सांगतो."

थुकाले जागा नव्हती. पुढं पांढरी भिंत, मांगं लेकरं. म्या गिळलं. सारं. तोबरा, रस, चुना. बायकोनं मले गिळताना पाह्यलं आन् तोंड फिरवलं. मी चालत चालत शाळेमांगच्या चिंचंलोक गेलो आन् तिथं आतडे बाहेर येईपर्यंत ओकलो. खिडकी उघडी होती. आतून तिचा "हजर मॅडम!" आला, साऱ्या वर्गाच्या वरून.

तोंड पुसून रस्त्यावर आलो तं हेडमास्तर गाडीवर उभे. म्हनले, "काय भौ, ठेला उघडतं का नाई आज?"

तोंडात काईच नव्हतं. तरी मान वर गेली.