वाकडा बसलेला नॉब

नॉब हातात निघून आला तेव्हा मला नुसता वैताग आला होता. दुसऱ्या दिवशी एम.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल होतं आणि त्यासाठी सोनिकेटर चालू स्थितीत हवा होता. आमच्या कॉलेजचा सोनिकेटर जुना आहे. त्याच्यावर पडदा नाही, आकडे दाखवणारे दिवे नाहीत. समोर शून्य ते दहा आकड्यांची गोल तबकडी, तिच्यावर काळा नॉब, आणि शेजारच्या लाकडी पेटीत उलटी टांगलेली धातूची कांडी. ती कांडी इतक्या वेगाने थरथरते की डोळ्यांना स्थिरच दिसते. तिचं टोक नळीतल्या पाण्यात बुडवलं की पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि त्या माऱ्याने जिवाणूंच्या पेशी फाटून आतलं सगळं बाहेर येतं. आवाज असा की पेटीचं दार लावूनही दात शिवशिवतात.

यात सांभाळायची गोष्ट एकच असते, ती म्हणजे उष्णता. म्हणून नळी बर्फात ठेवायची, काही सेकंद चालवायचं, थांबायचं, पुन्हा चालवायचं. थोडंसंच द्रावण असेल तर बारीक टोक लावायचं आणि नॉब तीन-चारच्या पुढे न्यायचा नाही. पेशी फुटल्या पाहिजेत, पण आतलं शिजता कामा नये.

निघालेला नॉब परत बसवायला मी तो उलटा करून पाहिला. आतली पितळी चकती तडकलेली होती आणि तिच्याभोवती पिवळा पडलेला, वाळलेला गोंद होता. कुणीतरी कधीतरी तो चिकटवला होता. मशीनमधून बाहेर आलेला दांडा एका बाजूने सपाट असतो. नॉबही आतून तसाच असतो, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. चकतीच फुटली तर कसाही बसतो. मी दांडा पूर्ण मागे फिरवला, म्हणजे खरं शून्य. मग गोंदाच्या खुणेवर खूण जुळवून नॉब तसाच ठेवला, जसा तो इतकी वर्षं होता. बाण शून्याच्या कितीतरी अलीकडे, तबकडीच्या कोऱ्या भागात गेला.

याचा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. बाण तीनवर असताना मशीन सातच्या जोराने चालत होतं. आमचा नॉब सहाच्या पुढे कधी जात नसे. जुनं मशीन, एवढंच चालतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. बारीक टोकं वरचेवर तडकायची, तेव्हा विजेच्या दाबाला नावं ठेवायचो.

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला तिची आठवण झाली.

ती आणि मी एकाच वर्षी पीएच.डी.ला लागलो. मी नगर शहरातली, घरात दोन पिढ्या मास्तरकी. ती पुणतांब्याची, वडिलांची द्राक्षबाग. माझा विषय बियाण्यांवरची बुरशी हा होता, त्यामुळे मला सोनिकेटर कधी लागलाच नाही. तिचा विषय तिने स्वतः शोधला होता. बागेत विहिरीजवळ एक जागा होती, तिथे वडील वर्षानुवर्षं फवारणीचा पंप धुवायचे. गवतही नीट उगवत नसे तिथे. ती म्हणायची, "एवढं औषध पिऊन त्या मातीत जे काही जगलंय, ते औषध खायलाच शिकलं असणार."

आणि तसंच निघालं. त्या मातीतून तिने एक जिवाणू वेगळा केला. फ्लास्कमध्ये कीटकनाशक घालून त्यात तो वाढवला की काही दिवसांत औषध नाहीसं होई. आम्ही दोघींनी झाकण उघडून वास घेतल्याचं मला आठवतं. झोंबणारा वास गेला होता आणि ओल्या पिठासारखा वास येत होता. ती हसत नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते.

पुढची पायरी म्हणजे पेशी फोडून हे काम करणारं एन्झाइम बाहेर काढायचं आणि ते औषधावर चालवून दाखवायचं. इथे सगळं अडलं. ती नळी बर्फात ठेवायची, बाण तीनवर, सेकंद मोजून चालवायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पेशी छान फुटलेल्या दिसायच्या. पण त्या रसात औषध घातलं की जसंच्या तसं राही. जिवंत जिवाणू ते खातो आणि त्याच्या पोटातला रस खात नाही, हे कसं? तिने वेळ कमी केला, वाढवला. बर्फात मीठ घातलं. द्रावण बदललं. बर्फातला थर्मामीटर शून्यच दाखवत राहिला, आणि त्या जाड प्लॅस्टिकच्या नळीच्या आत काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. थोडा फेस यायचा. फेस तर सगळ्यांच्याच नळीत यायचा, पण बाकीच्यांना पेशी नुसत्या फोडायच्या असत, आतलं एन्झाइम चालतं ठेवायचं नसे.

आमचे सर वाईट नव्हते. ओरडायचे नाहीत. एकदा तिचे आलेख पाहून ते इतकंच म्हणाले, "हे बघ, जे नाहीच ते कुठून सापडणार? औषध पेशींना नुसतं चिकटत असेल. आणि एन्झाइमचं काम हाताचं असतं. काहींच्या हाताला ते जमतं, काहींच्या नाही."

हे वाक्य तिने मनाला लावून घेतलं. पुढे पुढे ती नळी उचलतानाही घाबरायची. एकदा मला म्हणाली, "तू धर ना, माझ्या हाताला गुण नाही." मी धरली. निकाल तोच आला, पण त्यातून आम्ही दोघींनी जिवाणूच तसा आहे असा अर्थ काढला. मशीनकडे कुणी पाहिलंच नाही. ते सुरू होत होतं, ओरडत होतं, पेशी फोडत होतं. बिघडलेलं मशीन बंद पडतं, एवढीच आमची समजूत होती.

शेवटी तिने नोंदणी रद्द केली. घरी लग्नाचं चाललंच होतं. लग्न होऊन ती कोपरगावला गेली आणि तिकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. उसाच्या रसातली साखर मोजायची, पाळीप्रमाणे, सीझनभर. मी पदवी घेऊन आमच्याच कॉलेजात शिकवायला लागले.

नॉब निघाला त्या आठवड्यात मी बेकरीचं यीस्ट आणून प्रयोग केला. यीस्टमध्ये कोणती एन्झाइम असतात ते सगळ्यांना माहीत आहे, शंकेला जागा नाही. जुन्या खुणेप्रमाणे बाण तीनवर ठेवून चालवलं आणि या वेळी नळीच्या आत बारीक थर्मामीटर सोडला. बाहेर बर्फ, आणि आत चहा पिता येईल एवढं गरम. रसात एन्झाइम मेलेलं. मग नॉब नीट बसवून खऱ्या तीनवर चालवलं. आवाजच निराळा, पुष्कळ मऊ. रस गार राहिला आणि एन्झाइम जिवंत निघालं.

मी सरांना फोन केला. ते आता निवृत्त होऊन पुण्याला असतात. नॉबचं, यीस्टचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांगणार आहात?"

"तेच विचारायला फोन केला, सर."

"नका सांगू. ती सुखात असेल. आता सांगून तिच्या हाती काय लागणार?" मग त्यांनी विचारलं, "मी काय म्हणालो होतो ते तिला आठवत असेल का हो?"

मी म्हणाले, "माहीत नाही." पण मला माहीत होतं.

बरेच दिवस मी गप्प राहिले. सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आपल्या हाताला गुण नाही असं समजून ती रोज एका प्रयोगशाळेत नळ्या हातात घेत असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी कोपरगावची बस धरली.

ती कारखान्याच्या कॉलनीत राहते. थोडी जाड झाली होती, केस आखूड केले होते. नवरा कामावर गेला होता. चहा झाल्यावर मी सरळ सांगून टाकलं. नॉब, गोंद, दांडा, यीस्ट, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. तिने आधी प्रश्न विचारले.

"नळी कुठली घेतलीस?"

"तीच. तू वापरायचीस तसली, प्लॅस्टिकची."

"द्रावण किती?"

"तुझ्याइतकंच."

"आणि आत गरम झालं?"

"हो. फेससुद्धा तसाच आला."

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते. पाठ माझ्याकडे ठेवूनच तिने विचारलं, "माझं कल्चर आहे अजून?"

याच प्रश्नाची मला बसमध्ये भीती वाटत होती. तिच्या जिवाणूच्या कुप्या आमच्या डीप फ्रीझरमध्ये होत्या. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद असताना वीज गेली, फ्रीझर वितळला, आणि कित्येक जणांचं काम नासलं. त्यात तिच्याही कुप्या गेल्या.

"नाही," मी म्हणाले. "फ्रीझर गेला त्यात गेलं."

"एकही कुपी नाही?"

"एकही नाही."

ती परत येऊन बसली. म्हणाली, "इथे मी सगळं दोनदा करते, माहितीये? रसाचा प्रत्येक नमुना. साहेब म्हणतात, मॅडम, एकदा पुरे. माझा विश्वासच बसत नाही माझ्यावर." मग आपल्या तळहाताकडे बघून ती जरा हसली, आणि ते हसू मला बघवलं नाही.

"मी सांगायला नको होतं का?"

"तसं नाही. पण तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच." तिने कप उचलले. "चल, पुणतांब्याला जाऊ. दादांकडे. माती तर असेल."

वडिलांना ती दादा म्हणते. आम्ही तिच्या स्कूटरवर गेलो. दादा अंगणात खाटेवर बसले होते. तिने त्यांना विहिरीजवळच्या जागेबद्दल विचारलं तेव्हा त्यांना आधी समजेना.

"पंप धुवायचो ती? आता न्हाई गं ती. बाग काढली तवाच समदं नांगारलं. तिथं शेततळं हाय आता."

"त्याच्या कडेची माती?"

"घे की. पर ती वरून आणून टाकलेली हाय. मुरमाची."

तरीही तिने माती घेतली. शेततळ्याच्या काठाने फिरत, काळा प्लॅस्टिकचा कागद जिथे संपतो तिथे वाकून, खुरप्याने खाली खाली उकरत. साडीची किनार चिखलात जात होती. जुन्या अंदाजाने ती विहिरीपासून पावलं टाकून जागा शोधत होती, आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या काठाशी येऊन थांबत होती. दादा लांबून बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या टायमाला मशिनीचा दोष हुता म्हनं?"

"हो, दादा."

"मंग पोरीचं बरुबर हुतं."

"बरोबर होतं."

ते मान हलवत राहिले.

पुढचे काही रविवार ती नगरला आली. माझ्या प्रयोगशाळेत, माझा पांढरा कोट घालून. तिचे हात काही विसरले नव्हते. जिवाणू वाढवायच्या प्लेटवर रेघ ओढताना मनगट तसंच हलकं फिरायचं, माझ्या मुलांनी बघत राहावं असं. पिशव्यांतल्या मातीतून पुष्कळ जिवाणू उगवले. पिवळे, पांढरे, एक गुलाबीसुद्धा. औषध घातलेल्या फ्लास्कमध्ये एकही टिकला नाही. प्रत्येक फ्लास्कचं झाकण तिने स्वतः उघडलं. प्रत्येकातून तोच झोंबणारा वास आला. शेवटच्या फ्लास्कचं झाकण लावून तिने तो काचेच्या कपाटात ठेवला आणि कोट काढला.

"आणखी दुसरीकडची माती बघू," मी म्हणाले. "अजून लोक पंप धुतातच की कुठे ना कुठे."

"बघ तू. सापडलं तर मला कळव." तिने पर्स उचलली. "मला आता सीझन संपेपर्यंत रविवार मिळणार नाही. आणि खरं सांगू का, तो माझा होता. दुसरा मिळाला तर तो दुसराच असणार."

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. बस लागलेली होती. ती खिडकीशी बसली आणि आम्ही तिच्या मुलीच्या शाळेबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल बोलत राहिलो. सरांचा निरोप मला तिला द्यायचा होता. हाताबद्दलच्या त्या वाक्याचं आपल्याला वाईट वाटतं, असं त्यांनी नंतर पुन्हा फोन करून सांगितलं होतं. बस सुटता सुटता मी तो दिला. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेला की नाही, कळलं नाही. तिने हात हलवला.

त्यानंतर काही महिन्यांनी मला दादांचा फोन आला. नंबर तिच्याकडूनच घेतला असावा.

"मॅडम, येक इचारायचं हुतं. मशीन आता नीट झालं ना?"

"झालं, दादा."

"मंग तिला डिग्री मिळल का आता? मी तिला इचारलं तर हसती नुसती. तुमी खरं सांगाल म्हनून फोन केला."

मी त्यांना समजावून सांगितलं. नोंदणी रद्द झालेली असते, जिवाणू राहिला नाही, मशीनमध्ये दोष होता एवढ्यावर कुणी पदवी देत नाही. ते मध्येमध्ये "व्हय", "व्हय" म्हणत होते.

"बरं," ते म्हणाले. "पेरू लई निघालेत औंदा. कधी आलात तर घिऊन जावा."