सहावा नंबर

गेल्या थंडीत तीन दिवस तुम्हाला कॅमेऱ्यात आमची खोली दिसली नाही. काय झालं म्हणून तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं, नेट गेलं होतं. ते खोटं होतं. कॅमेऱ्यावर मी टॉवेल टाकला होता. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवताना मुलांच्या वहीतली एक खाडाखोड मला खपली नाही, आणि नातवंडांशी मात्र मी सरळ खोटं बोलले. म्हणून आज सगळं क्रमाने लिहिते.

आजोबांना झटका आला त्याला दोन वर्षं झाली. डावी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं, फुफ्फुसं आधीपासूनच कमजोर होती. तुमचे बाबा मेलबर्नहून आले आणि त्यांनी पुण्याला एका शुश्रूषा केंद्रात दोघांसाठी खोली पाहून ठेवली. आजोबा मान हलवत राहिले, नाही, नाही. शेवटी ठरलं असं, की घरीच सगळी सोय करायची, पण एकदा जरी ती अडली तर दुसऱ्या दिवशी पुणं. मी कबूल केलं.

मग सामान आलं. हवेची गादी, हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, इन्व्हर्टर, अडीअडचणीला ऑक्सिजनचा एक सिलिंडर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, कॅमेरा, आणि माझ्या गळ्यात एक बटण. ते दाबलं की पाच नंबरांना ओळीने फोन जातो, प्रत्येकी अर्धं मिनिट. कुणीच उचलला नाही तर सहावा तुमच्या बाबांना. पाच माणसं मी निवडली. सकाळ-संध्याकाळ येणारी शेजारची सून, जी कुडाळला रुग्णसेवेचं शिकून आली होती, तिचा नवरा, आमचा वायरमन, गावचे मानकरी, म्हणजे आजोबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि रिक्षावाला. पाचही घरं हाकेच्या अंतरावर. प्रत्येकाला फोन लावून मी खात्री करून घेतली होती. कुणी केव्हा काय करायचं याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आणि मला फार समाधान वाटलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही, ती म्हणजे गावपळण. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की आमचा अख्खा गाव घरांना कुलपं लावून शिवेबाहेर जातो, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही जात आले होते, सहलीला जावं तशी. पण कॅलेंडरात नसलेली गोष्ट माझ्या तक्त्यात आली नाही.

कौल झाला त्या संध्याकाळी ती सून पायरीवरूनच म्हणाली, "आजी, परवापासून माका येवक जमाचा नाय. तुमी पण चला."

दुसऱ्या दिवशी मानकरी आले. "बाईनू, व्हाळापलीकडे मांडव घातलो आसा. आमी चार जणा तेका उचलून न्हेतलव."

"ते मशीनवर आहेत," मी म्हटलं. "मशीनला कौल कळत नाही."

ते हसले. "कौल कळना नाय, पण करंट लागता मा? करंटवालो पण आमच्याबरोबरच भायर चललो."

आजोबा खाटेवरून आमच्याकडे बघत होते. उजवा हात उचलून ते म्हणाले, "चल." मानकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांना नीटसं समजत नाही हल्ली. त्यांच्यासमोर म्हटलं.

गाव गेला. आम्ही दोघंच राहिलो. मदतीला कुणीच येत नाही हे बाबांना दिसू नये म्हणून मी कॅमेरा झाकला. पहिला दिवस मी तक्त्याप्रमाणे पार पाडला. कुठे कोंबडं आरवलं नाही, कुणाच्या चुलीचा धूर दिसला नाही. आजोबा दिवसभर दाराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता लाइट गेली. इन्व्हर्टर तीन तास चालतो हे मला ठाऊक होतं. बारा वाजता मशीन किंचाळून बंद पडलं आणि गादीतली हवा उतरू लागली. चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी आकडा होता, मग शहाऐंशी. कोपऱ्यात भरलेला सिलिंडर उभा होता, पण त्याची चावी माझ्या बोटांना फिरेना. फडकं गुंडाळून पाहिलं, बत्त्याने ठोकून पाहिलं. तक्त्यात लिहिलं होतं, सिलिंडर उघडणे: सून. रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, सव्वा तास लागेल म्हणाले.

मी गळ्यातलं बटण दाबलं.

पहिला नंबर संपर्क क्षेत्राबाहेर. दुसरा संपर्क क्षेत्राबाहेर. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खोलगटात रेंज नसते हे मला इतकी वर्षं माहीत होतं. तिसरा, चौथा. आजोबांचे ओठ निळसर दिसत होते. पाचवा वाजू लागला तेव्हा मला पुढचा नंबर दिसू लागला. तुमच्या बाबांचा फोन, त्यांचा आवाज, पुण्याची ती खोली. पाचवा संपताच मी रद्द करायचं बटण दाबलं.

हे वाचून तुम्हाला माझा राग येईल. यायलाच हवा. त्या वेळी मी घर टिकवायचा विचार केला, आणि घरातला माणूस माझ्यासमोर तोंड उघडून श्वास ओढत होता.

मग त्यांना तसंच टाकून मी निघाले. चपला घालायचं सुचलं नाही. व्हाळ आमच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. त्या रस्त्याला मला किती वेळ लागला कोण जाणे. दोन्ही बाजूंना ओळखीची दारं आणि त्यांना कुलपं. मी उगीचच हाका मारत होते.

पलीकडच्या काठावर ती सून भांडी घासत होती. "काय झाला, आजी?"

"लाइट गेली. मशीन बंद आहे."

तिने हातातला टोप खाली ठेवला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात शिरली. मागून तिची सासू ओरडली, "गो, खंय चललंस? देवाक इचारल्याशिवाय?"

"तुमी इचारा. मी फुडे जातंय," ती म्हणाली, आणि माझ्या पुढे धावत सुटली.

मानकऱ्यांनी तिथेच हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझा एक लेकरू आत अडाकला आसा. तेका आणूक जातव. काय चुकला तर पोटात घाल." काठावरचे सगळे "होय म्हाराजा" म्हणाले आणि चौघे जण बांबू घेऊन निघाले.

मी घरी पोचले तेव्हा सिलिंडर चालू होता. तिने एका झटक्यात चावी फिरवली होती. आकडा एकोणऐंशीवरून हळूहळू चढत होता. रुग्णवाहिकेला मी येऊ नका म्हणून कळवलं. आरामखुर्चीला बांबू बांधून आजोबांना, सिलिंडर आणि मशीनसकट, व्हाळापार नेलं. मांडवात दिव्यांसाठी आणि भजनाच्या माइकसाठी जनरेटर होता. तो माइक काढून तिथे मशीन लावलं.

मानकरी त्यांच्या उशाशी बसले. "दोस्ता, एक दिवस उशीर केलंस रे. हजेरी मांडू काय नको?"

आजोबांनी बोट माझ्याकडे केलं. "बाई," ते म्हणाले. सगळे हसले. त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली. घरी दोन चमचे जात नसे. मी बाजूला बसून ते बघत होते आणि मला हसता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवसानंतर परतलो. मी टॉवेल काढला आणि तुम्हाला नेटचं सांगितलं.

पंधरा दिवसांनी सुनेच्या मुलीला कावीळ झाली. मुलगी आता बरी आहे. पण शीव मोडली म्हणूनच हे झालं, असं सासूने धरलं ते धरलंच. सून कुंपणाशी येऊन म्हणाली, "आजी, माका तुमच्याकडे येवक देनत नाय." ती रडत होती. कुडाळहून दुसरी बाई आली, ती चार दिवस राहिली आणि लांब पडतं म्हणून गेली.

तेव्हापासून मी एकटी आहे. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं असतं. माझ्याच्याने दिवसातून दोनदा जमतं, कधी एकदा. तक्त्यावर मात्र मी सगळ्या खुणा करते. त्यांच्या पाठीवर रुपयाएवढी जखम झाली आहे. कॅमेऱ्यात ती दिसत नाही, कारण मी खाट फिरवून ठेवली आहे. काल ड्रेसिंग करताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

हे मी बाबांना लिहू शकले नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. त्यांना वाचून दाखवा. सोय अडली आहे. त्या दिवशी सहावा नंबर मी वाजू दिला नव्हता, आज हे पाठवते आहे.

एवढंच करा. पुण्याचं ठरवण्याआधी बाबांना आजोबांशी बोलायला सांगा, माझ्याशी नव्हे. फोन मी त्यांच्या उजव्या कानाशी धरीन. ते एखादाच शब्द बोलतील, आणि तो यायला वेळ लागेल. तोवर कुणी मध्ये बोलू नका. मीही बोलणार नाही.